मधला रकाना

मराठीत पत्राला मायना असतो आणि उर्दूत शब्दाला मानी असतो. दोन्ही मुळात एकच, अरबी 'माना'. मराठीत येता येता तो पत्राच्या माथ्यावर जाऊन बसला, उर्दूत शब्दाच्या पोटातच राहिला. आमच्या वर्गात दिवसातून पन्नास वेळा कानावर पडणारे वाक्य म्हणजे, "सर, इसका मानी क्या?" इंग्रजीच्या तासाला तर दुसरे काही ऐकूच येत नाही.

आम्ही सोलापुरात एका उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवतो. 'आम्ही' म्हणजे एकटेच. घरात 'हम' म्हणायची सवय, ती मराठी लिहितानाही सुटत नाही. वाचकांनी त्यात मोठेपणा शोधू नये. बी.ए., बी.एड. झालो, वय छत्तीस. आमच्या शाळेतल्या मुलांचे वडील रिक्षा चालवतात, यंत्रमागावर जातात, हातगाडीवर फळे विकतात. कित्येकांच्या आया घरी बसून बिड्या वळतात. मुले घरात दख्खनी बोलतात, शाळेत उर्दू लिहितात, मशिदीत अरबी वाचतात, गल्लीबाहेर पडली की मराठी बोलतात आणि शेजारची तेलुगू-कन्नडही त्यांना थोडीबहुत कळते. म्हणजे इंग्रजी ही त्यांची पाचवी-सहावी भाषा. अशा मुलाला 'भाषेत कच्चा' म्हणणारे लोक स्वतः किती भाषांत पक्के असतात, हा प्रश्न आम्ही एकदा शिक्षकांच्या बैठकीत विचारला होता. तेवढ्यात चहा आला आणि विषय बदलला.

बी.एड.च्या वर्षात मायकेल वेस्ट हे नाव पाठ करावे लागले होते. हा इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्क्याला नोकरीस होता. बंगालमधल्या मुलांना इंग्रजी वाचायला कसे शिकवावे यावर त्याने बरीच वर्षे काम केले. पुढे १९५३ साली त्याची सुमारे २,००० शब्दांची प्रसिद्ध यादी निघाली. एवढे शब्द आले की साध्या इंग्रजीतला बराचसा मजकूर वाचता येतो. २००० साली न्यूझीलंडमध्ये अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी दुसरी यादी केली, ५७० शब्दकुळांची. वेस्टच्या यादीत नसलेले, पण विद्यापीठाच्या पुस्तकांत, मग विषय कायद्याचा असो की विज्ञानाचा, पुन्हा पुन्हा भेटणारे शब्द तिच्यात आहेत. योगायोग असा की त्याच २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले.

पहिल्या यादीतले शब्द मुलांकडे आपल्या पायांनी चालत येतात. ते टीव्हीवर असतात, दुकानाच्या पाटीवर असतात, एस.टी.च्या तिकिटावर असतात. दुसऱ्या यादीतला शब्द मोहल्ल्यात फिरकत नाही. 'कॉन्टेक्स्ट' काही कोणी हातगाडीवर विकत नाही. 'डिराइव्ह' हा शब्द दर्ग्याच्या उरुसात हरवून सापडत नाही. तो भेटतो अकरावीच्या पुस्तकात, स्पर्धा परीक्षेच्या पेपरात, नाहीतर बँकेच्या कर्जाच्या कागदावर, जिथे अब्बा अंगठ्याऐवजी सही करतात याचाच आपल्याला आनंद असतो आणि सहीच्या वर काय लिहिले आहे ते विचारायचे राहून जाते. आपल्या समाजात शिक्षणावर बोलताना किती मुले शाळेत गेली आणि किती गळाली याचे आकडे आपण मांडतो. ते मांडलेच पाहिजेत. पण जे मूल शाळेत टिकले, ते कोणत्या शब्दापाशी अडले, हे कोणी मोजत नाही.

अडते कुठे ते सांगतो. नववीच्या वर्गात 'रिलक्टंट' हा शब्द आला होता. फळ्यावर प्रचलित उर्दू अर्थ लिहिला, 'बादिल-ए-नाख्वास्ता'. चाळीस मुलांनी तो सुंदर अक्षरात उतरवून घेतला. उर्दू माध्यमाच्या मुलांचे अक्षर पाहण्यासारखे असते. मग सहज विचारले, बादिल-ए-नाख्वास्ता म्हणजे काय? वर्ग गप्प. एका अवघड शब्दाच्या बदल्यात आम्ही दुसरा अवघड शब्द देऊन मोकळे झालो होतो आणि परीक्षेत त्यालाच पूर्ण गुण मिळणार होते. मग गोष्ट सांगितली. पाहुणे आले आहेत, अम्मी म्हणते जा दूध घेऊन ये, बाहेर कडक ऊन आहे, तू जातोस तर खरा, पण कसा जातोस? मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, जीव पे आता ना, वैसा?"

तेच. 'जिवावर येणे' हा मराठी वाक्प्रचार दख्खनीने उचलून आपल्या घरात ठेवला आहे. त्या मुलाला तो मराठी आहे हेही माहीत नसेल. पण चाळीसच्या चाळीस चेहऱ्यांवर त्या क्षणी अर्थ उमटला.

त्या दिवसापासून शब्दार्थांच्या वहीला तीन रकाने आखायला लावले. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे उर्दू अर्थ, मध्ये कोरी जागा. इंग्रजी डावीकडून निघते, उर्दू उजवीकडून, आणि दोघी वहीच्या दोन काठांवरून एकमेकींकडे चालत येतात. मराठी माध्यमाच्या वहीत ही गंमत नाही. तिथे दोन्ही भाषा एकीमागे एक एकाच दिशेने जातात. आमच्या मुलांच्या वहीत त्या समोरासमोर येतात, पण भेटतातच असे नाही. मधल्या रकान्यात घरची बोली लिहायची. पेन्सिलीने, म्हणजे खोडता येईल. 'रिलक्टंट'समोर पहिली नोंद झाली, 'जीव पे आना'.

याला विरोध झाला, आणि तो आम्हांला समजतो. काही पालक म्हणाले, पोरांना आम्ही अदबीची उर्दू शिकायला पाठवतो, तुम्ही परत 'नको-हौ'वर आणता. एक जुने शिक्षक म्हणाले, ही गलत उर्दू वहीत लिहायला लावू नका. दख्खनीला 'गलत उर्दू' म्हणण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवर विजापूर. तिथल्या आणि गोवळकोंड्याच्या शायरांनी याच बोलीत दिवाण आणि मसनव्या लिहिल्या, तेव्हा उत्तरेत उर्दूचे नाव उर्दू पडायचे होते. पण वाद घालण्यापेक्षा त्या शिक्षकांना आम्ही एवढेच म्हटले की रकाना मधला आहे, शेवटचा नाही. मूल तिथून पुढे उजवीकडे जाईलच. ते पूर्णपणे पटले नाहीत. वही मात्र त्यांनी दोन मिनिटे हातात धरून पाहिली.

उजवीकडचा रकाना नेहमीच परका असतो असेही नाही. 'एफिमरल' हा शब्द स्पर्धा परीक्षांच्या यादीत हटकून असतो. मराठीत त्याला क्षणभंगुर म्हणतात. आमच्या मुलांना क्षणभंगुर कळत नाही, पण 'फानी' म्हटले की सातवीतला मुलगाही मान हलवतो. जुम्म्याच्या बयानात, मय्यतीच्या घरी, दुनिया फानी आहे हे त्याने लहानपणापासून ऐकले आहे. तसेच 'सब्र', 'नियत', 'अमानत', 'गीबत'. 'बॅकबायटिंग' या इंग्रजी शब्दासमोर 'गीबत' लिहिले की वर्गात हसू फुटते, कारण प्रत्येकाला आपल्या मोहल्ल्यातली दोन-चार नावे आठवतात. मदरशाने आणि मशिदीने या मुलांना नीतीची एक मोठी शब्दसंपदा फुकट दिली आहे. इंग्रजीचा शिक्षक ती वापरत नाही, कारण त्याच्या मार्गदर्शक पुस्तकात ती नसते.

आणखी एक गोष्ट उर्दूवाल्यांकडे आहे जी इतरांना मुद्दाम शिकवावी लागते. अरबी शब्द तीन अक्षरांच्या बीजातून उगवतो. क-त-ब या बीजातून किताब, कातिब, मकतब, मकतूब, कुतुबखाना. ऐन-लाम-मीम यातून इल्म, आलिम, तालीम, मुअल्लिम, मालूम. उर्दूचे शिक्षक याला 'माद्दा' म्हणतात आणि आठवीपासून मुलांकडून घोकून घेतात. इंग्रजीतले जड शब्दही असेच लॅटिन आणि ग्रीक बीजांतून आलेले. 'स्क्राइब' म्हणजे लिहिणे हे एक कळले की डिस्क्राइब, प्रिस्क्रिप्शन, मॅन्युस्क्रिप्ट, सबस्क्राइब एका दावणीला बांधता येतात. फळ्यावर एका बाजूला कातिबचे कुटुंब लिहिले आणि दुसऱ्या बाजूला स्क्राइबचे. वर्ग स्वतःहून पुढचे शब्द शोधू लागला. ज्या मुलांना वर्षाला शंभर शब्द पाठ होत नव्हते त्यांना दहा बीजे दिली, तर शब्द आपसूक येऊ लागले. सगळेच नाहीत. बीजावरून अर्थ लावताना फसगतही होते, पण फसगतीतून शब्द अधिक पक्का बसतो.

कोशांविषयीही बोलले पाहिजे. मौलवी अब्दुल हक यांचा मोठा इंग्रजी-उर्दू कोश १९३७ साली निघाला, तो अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूने तेव्हाच्या औरंगाबादेतून काढला होता. म्हणजे 'बाबा-ए-उर्दू'चे हे काम आपल्या मराठवाड्यात झाले, हे आपल्यालाच फारसे ठाऊक नसते. त्याआधी १९१७ साली हैदराबादेत दारुल तर्जुमा स्थापन झाले आणि दुसऱ्या वर्षी उस्मानिया विद्यापीठ. उर्दूतून उच्च शिक्षण द्यायचे म्हणून तिथल्या विद्वानांनी शास्त्रीय शब्दांना अरबी-फारसी प्रतिशब्द घडवले. काम प्रचंड होते. पण ते विद्वान ज्या मुलासाठी शब्द घडवत होते त्याला अरबी-फारसी येते असे गृहीत होते. आज आमच्या बाकावर बसलेले मूल ते नव्हे. मराठीतही हेच घडले, तिथे संस्कृत आले इतकेच. 'प्रकाशसंश्लेषण' म्हणताना मराठी माध्यमाच्या मुलाची जीभ आमच्या मुलाइतकीच अडखळते.

कोशकारांत आम्हांला आवडतो तो फॅलन. त्याचा हिंदुस्तानी-इंग्रजी कोश १८७९ सालचा. तो बिहारमध्ये शाळा तपासनीस होता. त्याने म्हणी घेतल्या, लोकगीते घेतली आणि मुख्य म्हणजे बायकांची बोली घेतली, जी तोवर कोशात बसवण्याच्या लायकीची समजली जात नव्हती. आमच्या मधल्या रकान्याला कोणी आधार विचारला तर आम्ही फॅलनचे नाव सांगतो.

बायकांच्या बोलीचा विषय निघाला म्हणून 'मेटिक्युलस' आठवला. उर्दू अर्थ दिला होता 'बारीकबीन', 'निहायत मोहतात'. मुलांना म्हटले, घरी विचारून मधला रकाना भरून आणा. दुसऱ्या दिवशी एका मुलीने आईचे बोलणे लिहून आणले. तिची अम्मी बिड्या वळते. तेंदूचे पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायचे, माप सोडून जरासुद्धा बाहेर जायचे नाही, तंबाखू कमी नको, जास्त नको, तोंड बोटाने दुमडायचे, दोरा बांधायचा. हजार बिड्या झाल्या की कारखान्यात न्यायच्या. तिथे तपासणारा हाताने चाळतो आणि नापसंत असतील त्या बाजूला टाकतो. त्यांचा पैसा नाही. अम्मीने सांगितलेला अर्थ असा होता: "बारकाई से नई किए तो फेक देतें."

आम्ही शब्दाचे मूळ पाहून ठेवले होते. लॅटिनमध्ये 'मेटस' म्हणजे भीती. 'मेटिक्युलस'चा जुना अर्थ भित्रा, घाबरट असाच होता. काटेकोर हा अर्थ त्याला फार नंतर चिकटला. कोशात ही भीती आता दिसत नाही. बिडी वळणाऱ्या बाईला मात्र ती सांगावी लागली नाही. वर्गात हे सांगितल्यावर ती मुलगी म्हणाली, "अम्मी को बोलूँ क्या सर, लॅटिन में भी ऐसाच है?" आम्ही म्हटले, जरूर सांग.

कधी कधी शब्दांच्या गमती सांगून तास हलका करावा लागतो. अमीर-अल-बहरचा 'अॅडमिरल' झाला, मखाजिनचे 'मॅगझिन' झाले, आणि सर शेख अब्दुल कादिर यांनी १९०१ साली लाहोरहून उर्दू मासिक काढले तेव्हा त्याचे नाव ठेवले 'मखजन', म्हणजे शब्द युरोप फिरून घरी आला. एकाच 'सिफर'पासून इंग्रजीने 'झिरो'ही घेतला आणि 'सायफर'ही. 'टॅरिफ' म्हणजे आपली 'तारीफ'. अरबीत ओळख करून देणे, गणिताच्या उर्दू पुस्तकात व्याख्या, घरात कौतुक, आणि इंग्रजीत जकातीचा दर! मराठीनेही इंग्रजीला काही दिले आहे. 'मंगूज' हे आपले मुंगूस. त्याचे अनेकवचन 'मंगीज' होत नाही, 'मंगूजेस' होते, हे मुलांना फार आवडते; आपल्या शब्दावर इंग्रजीचा नियम चालला नाही असे त्यांना वाटते.

'कँडिड' या शब्दाला आम्ही एक अख्खा तास दिला होता. लॅटिन 'कँडिडस' म्हणजे पांढराशुभ्र. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा पांढरा झगा घालून फिरे, म्हणून तो 'कँडिडेट'. मनाने पांढरा, म्हणजे साफदिल, तो 'कँडिड'. त्याच कुळातली 'कँडल'. ती ग्रीकांमार्गे अरबांकडे गेली आणि 'किंदील' झाली, तिथून आपल्याकडे 'कंदील'. दिवाळीत सोलापूरभर जे आकाशकंदील लागतात त्यातले आकाश संस्कृत आणि कंदील रोमहून अरबस्तानमार्गे आलेला. एका मुलाने विचारले, "सर, हमारे वार्ड का कँडिडेट भी सफेद पहनता, वो कँडिड है क्या?" हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे असे सांगून आम्ही पुढे गेलो.

उच्चारांवरून मात्र आमचा जीव तुटतो. उर्दू बोलणाऱ्या मुलाच्या जिभेला सुरुवातीचे जोडाक्षर पेलत नाही, तो 'इस्कूल', 'इस्टेशन' म्हणतो. तोंडी परीक्षेत यावर गुण जातात, मुलाखतीत यावर नोकरी जाते. मुहर्रमच्या मिरवणुकीतली 'या हसन, या हुसेन' ही हाक इंग्रज शिपायांनी 'हॉब्सन-जॉब्सन' अशी ऐकली. १८८६ साली यूल आणि बर्नेल यांनी अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश काढला तेव्हा त्यालाच हे नाव दिले. त्यांनी आपला शब्द वाकडा केला तर त्याचा कोश होतो, आणि आमच्या पोराने त्यांचा शब्द वाकडा केला तर तो नापास.

आता दोन मुलींविषयी. दोघीही एकाच वर्षी दहावी झाल्या, दोघींनी अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतला. २०१८ पासून नीटची परीक्षा उर्दूतूनही देता येते, ही चांगली गोष्ट झाली. पण आमच्या मोहल्ल्यातली मुले ज्या कॉलेजांत जातात तिथे विज्ञान इंग्रजीतूनच शिकवतात. ऑगस्टमध्ये त्यातली एक शाळेत आली. मधल्या सुट्टीत दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मेरेकू सब आता, नाम नई आता." प्राध्यापकांनी 'हायपोटेनूज' विचारला होता. तिला 'वतर' येत होता, 'अमूद' येत होता, 'मुसल्लस' आणि 'जाविया' येत होते. पायथागोरसचा सिद्धांत तिने आमच्यासमोर कागदावर सोडवून दाखवला. कॉलेजात तिला सांगण्यात आले होते की तू आर्ट्स घे.

तिला घेऊन आम्ही रोज शाळा सुटल्यावर तासभर बसू लागलो. पुन्हा तीन रकाने. 'हायपोटेनूज' हा ग्रीक शब्द, अर्थ 'खाली ताणलेली'. 'वतर' हा अरबी शब्द, अर्थ धनुष्याची ताणलेली दोरी. दोन्ही भाषांना तिरकी रेघ पाहून एकच चित्र दिसले होते. तिचे घर विणकरांचे, आजोबांचा हातमाग होता. तिने मध्ये लिहिले 'ताने का धागा'. त्यानंतर हा शब्द तिने कधी चुकवला नाही. असे चारशेच्या आसपास शब्द त्या वर्षात झाले. कित्येक शब्दांना मध्ये काहीच सुचले नाही. ते तसेच पाठ करावे लागले, त्याला इलाज नाही. ती बारावी झाली. आता फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि औषधांची नावे आमच्यापेक्षा चांगली उच्चारते.

दुसरी तिच्याहून हुशार होती. दहावीला तिला जास्त गुण होते. ती आमच्याकडे आली नाही, कोणाकडेच गेली नाही. वर्गात नाव पुकारले तर उभी राहायची आणि गप्प राहायची, असे पहिलीने नंतर सांगितले. दिवाळीच्या सुट्टीत घरी बसली ती बसलीच. तिच्या भावाने शाळेच्या वाचनालयाचा कोश परत आणून दिला. त्याच्यात पानांच्या कडेला शिसपेन्सिलीने खुणा होत्या, 'डी' अक्षरापर्यंत. म्हणजे तिने कोश पहिल्या पानापासून पाठ करायला घेतला होता, एकटीने.

हल्ली मुले शब्दाचा फोटो काढतात आणि मोबाईल अर्थ सांगतो. त्याने वेळ वाचतो, हे खरे. मोबाईलही उजवाच रकाना भरतो, म्हणून मधल्या रकान्याचे काम अजून वहीवरच चालते.

या वर्षी दहावीच्या यादीत 'प्रायव्हसी' हा शब्द होता. आम्ही आधी माहिती दिली की २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल दिला. उजवीकडे 'खल्वत' लिहिले, 'तख्लिया' लिहिले. बादशाही नाटकांमुळे तख्लिया मुलांना माहीत होता. दोघा-तिघांनी हात वर करून दरबारी थाटात म्हणूनही दाखवला. मराठीत 'खासगीपणा' सांगितले. मग मधला रकाना. कोणालाच काही सुचेना. एका खोलीत सात माणसे, रात्री अंथरुणे घातली की पाय ठेवायला जागा नाही, कपाट एकच आणि त्याची किल्ली दादीकडे. एका मुलाने 'अकेले' लिहून खोडले. त्याचे त्यालाच पटले नाही. एकटे पडणे वेगळे. दुसऱ्या एकाने 'छुपाना' लिहिले, त्यावर वर्गात वाद झाला, कारण लपवण्यात चोरी आली. तास संपत आला.

वह्या गोळा केल्यावर पाहिले तर बहुतेकांनी जागा कोरीच सोडली होती. एका मुलीने मात्र बारीक अक्षरात लिहिले होते, 'मगरिब के बाद, माळवद पे'. यादीतला पुढचा शब्द 'प्रिव्हिलेज' होता. तो आम्ही दुसऱ्या दिवसावर ठेवला.